मगावरील जहाज
(वार्षिक संमेलनातील गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आज विद्यार्थ्यांच्या हाती जो पांढरा मग देण्यात आला, त्याविषयी आम्ही चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आज्ञेस कारणही घडले. काल सायंकाळी पेट्या उघडल्या तेव्हा एका वडीलधाऱ्या सभासदांनी मग हाती घेऊन विचारले, "गुरुजी, कुठे देगलूर आणि कुठे समुद्र! पोरांना बोटीचे चित्र कशाला? स्टीलचा डबा दिला असता, वर नाव घातले असते, तर दोन पिढ्या घरात राहिला असता."

डब्यापुरते त्यांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. भांड्यावर घातलेले नाव घासून जात नाही. मगावरील चित्र मात्र कागदावर उलटे छापून उष्णतेने उतरविलेले असते. तारेच्या घासणीपुढे त्याचा निभाव लागणार नाही. गृहिणींनी एवढे ध्यानात ठेवावे. समुद्राविषयी म्हणाल, तर आपल्या लेंडीचे पाणी मांजरेस, मांजरेचे गोदावरीस आणि गोदावरीचे पूर्व समुद्रास जाते, हे आम्ही याच गावी तीस वर्षे फळ्यावर काढून दाखविले आहे. पाण्यास जी वाट ठाऊक आहे ती माणसांस परकी का असावी?

हे मग व्यापारी जहाजावर नोकरीस असलेल्या, आपल्याच एका सभासदांच्या चिरंजीवांनी पाठविले आहेत. चित्रातील जहाज 'लॉयल्टी'. दोन धुराडी, तीन डोलकाठ्या आणि पुढे निमुळते होत गेलेले नाक. १८९१ साली ते एका कॅनेडियन कंपनीकरिता इंग्लंडात बांधून तयार झाले, तेव्हा त्याचे नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया' असे होते आणि ते पॅसिफिक महासागरात चाले. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या महाराजांनी ते विकत घेतले, जखमी सैनिकांकरिता तरंगते रुग्णालय केले आणि नाव ठेवले 'लॉयल्टी', म्हणजे राजनिष्ठा. युद्ध संपताच मुंबईच्या काही व्यापाऱ्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी काढून तेच जहाज घेतले, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनास निघाले. इंग्रज कंपन्यांच्या मक्तेदारीस आव्हान देणाऱ्या जहाजाचे नाव राजनिष्ठा असावे, या योगायोगाचे आम्हांस अद्याप हसू येते.

या व्यापाऱ्यांतील एक वालचंद हिराचंद. त्यांचा जन्म १८८२ सालचा, सोलापूरचा. सोलापुरासही समुद्र दूरच! रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटे घेणाऱ्या या गृहस्थांनी जहाजांत हात घातला. पुढे जे झाले तेही विद्यार्थ्यांनी ऐकावे. जहाज जुने होते, तोट्यात गेले आणि १९२३ साली मोडीत निघाले. इंग्रज कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून नव्या कंपनीस जेरीस आणले. परंतु कंपनी टिकली. तिने विशाखापट्टणम येथे काढलेल्या कारखान्यात बांधलेले 'जलउषा' जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते १४ मार्च १९४८ रोजी पाण्यात उतरले, तेव्हा आपले देगलूर निजामाच्या अमलाखालीच होते. १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच मोडीत निघालेल्या जहाजाच्या पहिल्या सफरीमुळे.

आता मगाची दुसरी बाजू. तीवर काही छापलेले नाही, ती आम्ही सांगतो. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, असे मानणाऱ्या ज्ञातिसभा या देशात थोड्या नव्हत्या. आणि केवळ समुद्रच नव्हे, तर चहासुद्धा! १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहापान झाले, त्यावरून ग्रामण्य उठले, आणि टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांस प्रायश्चित्त घ्यावे लागले. उपस्थितांची नावे छापून आणणारे गृहस्थ होते गोपाळराव जोशी. त्यांच्याच पत्नी आनंदीबाई १८८३ साली बोटीने अमेरिकेस वैद्यक शिकावयास गेल्या होत्या. म्हणजे बोट आणि चहा, ही दोन्ही एके काळची बहिष्काराची कारणे आज आपल्याच ज्ञातिसंस्थेने एका भांड्यात घालून मुलांच्या हाती दिली आहेत!

हे म्हणताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. गतवर्षीच्या सभेत विद्यार्थी साहाय्य निधीतून परदेशी शिक्षणास कर्ज मागणारे दोन अर्ज आले होते. मुलाचा अर्ज मंजूर झाला. मुलीचा "पुढे पाहू" म्हणून बाजूस ठेवला. तिचे गुण अधिक होते. कोणी प्रायश्चित्ताची भाषा केली नाही. लग्न लांबेल, पैसे परक्या घरी जातील, एवढेच बोलणे झाले. त्या सभेत आम्हीही बसलो होतो आणि गप्प राहिलो. शाळेत जन्मभर गुणपत्रिका वाचल्या, परंतु ती एक वाचून दाखविण्यास तोंड उघडले नाही. तो अर्ज आजच्या कामकाजात चौथा आहे. त्यास सूचक म्हणून आमचे नाव घालावे, असे आम्ही चिटणीसांस लेखी कळविले आहे.

एक व्यवस्थेची गोष्ट राहिली. पेटी उतरविताना एका मगाचा कान तुटला, त्यामुळे आठवीतील एका विद्यार्थ्यास मग मिळाला नाही. आम्हांस भेट दिलेला मग आम्ही टेबलावर ठेवला आहे; त्याने तो घेऊन जावा. आमचा चहा स्टीलच्या पेल्यातच बरा लागतो.