मातीची साक्ष

मेलेली भाषा पंडितांनी वाचली, असे आपण ऐकतो आणि मान डोलावतो. पण ते वाचन खरे कशावरून? आज आपण हाच प्रश्न घेऊ.

तैग्रिस व युफ्रेटिस या नद्यांच्या खोऱ्यात माती मुबलक. तिथले लोक ओल्या मातीच्या पाटीवर बोरूचे टोक दाबून लिहीत. खूण उमटे ती पाचरीसारखी. ही कीलाकार लिपी. सुमेरी लोकांची ही लिपी पुढे अक्केडियन भाषेने उचलली. ही भाषा अरबी-हिब्रूच्या कुळातली. सुमेरीशी तिचे नाते नाही. त्यामुळे मोठा घोटाळा झाला. एकच चिन्ह सुमेरीत 'आन' म्हणजे आकाश, तेच 'दिंगिर' म्हणजे देव. अक्केडियनमध्ये देव या अर्थी ते 'इलू' वाचावे, नाहीतर नुसता 'अन्' हा उच्चार घ्यावा! असली लिपी कोणी कशीही वाचील, असे लोक म्हणू लागले, तर त्यांना दोष कसा द्यावा?

या शंकेची परीक्षा १८५७ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत झाली. असीरियाचा राजा पहिला तिग्लथ-पिलेसर याचा सुमारे ३१०० वर्षांपूर्वीचा लेख रॉलिन्सन, हिंक्स, टॅल्बट आणि ओपर्ट या चौघांनी स्वतंत्रपणे भाषांतरिला. मोहोरबंद लखोटे समितीने फोडले. काही जागी मतभेद निघाले. पण एकंदर अर्थ जुळला!

चौघे एकमेकांस न विचारता एकाच ठिकाणी पोचले, ही खरी साक्ष. आपणही नुसत्या मोठ्या नावापुढे मान डोलावू नये. पडताळा कोणता, एवढे अवश्य विचारावे.