शिवोलीचा स्वतंत्र गायक

मालवणाहून वेंगुर्ल्याकडे आणि तेथून शिरोड्यावरून तेरेखोलच्या खाडीकडे जाणाऱ्या किनाऱ्यावर कार्तिकांत जत्रांचे दिवस सुरू होतात, आणि जत्रेच्या रात्रीं दशावतारी कंपनी गांवांत येते. या खेळास मालवणी मनुष्य 'धयकालो' म्हणतो. कंपनीजवळ लिहिलेलें नाटक नसतें. पेटाऱ्यांतून आणलेले वेष, बाजूस पेटी, मृदंग आणि झांज, एवढ्या सामग्रीवर पहाट होते. आख्यानांतील भाषणें नटांनीं उभ्याउभ्या रचावयाचीं असतात. गांवचे मानकरी समोर बसलेले असले तरी काळ्या वेषांतला संकासुर आपल्या मालवणींत बोलावयाचें तें बोलून घेतो. अशा मंडळीस आपली कला लोकांपुढें मांडण्यासाठीं शहरांतील कोणा भांडवलदाराची परवानगी लागत नाहीं.

ध्वनिमुद्रित संगीताची गोष्ट मात्र निराळी. गाणें तबकडीवर चढलें म्हणजे हजारों घरांत जातें हें खरें. पण ज्याच्या मालकीचें यंत्र, त्याच्या पसंतीस उतरल्यावांचून तें तबकडीवर चढत नाहीं. आपल्या देशांत हा व्यवसाय कित्येक वर्षें जवळजवळ एकाच ग्रामोफोन कंपनीच्या हातीं होता. कलकत्त्याजवळ दमदम येथें तिचा कारखाना. कोणतें गाणें खपेल आणि कोणतें खपणार नाहीं, हा निकाल कचेरींत होई. चित्रपटगीतांच्या बाहेरचें कांहीं घेऊन येणाऱ्या तरुणाला तेथें फारशी आशा नसे.

विलायतेंतील तरुणांची तक्रार याहून फारशी वेगळी नव्हती. १९७७ च्या जानेवारींत मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' नांवाच्या वाद्यमंडळीनें सुमारें ५०० पौंड उसने मिळवून चार गीतांची एक छोटी तबकडी स्वतःच काढली. पहिल्या प्रती १०००. संगीताच्या दृष्टीनें ती तबकडी ओबडधोबडच होती. तथापि कंपनीच्या दारांत न बसतांही तबकडी निघूं शकते, एवढें तिनें दाखवून दिलें. पुढील चारपांच वर्षांत त्या देशांत गांवोगांवच्या मंडळ्यांनीं हाच मार्ग धरला, आणि 'पोस्ट-पंक' या नांवानें ओळखलें जाणारें संगीत बव्हंशीं या स्वतंत्र तबकड्यांवरच पोसलें गेलें.

तेरेखोलची खाडी ओलांडून पेडण्यांतून दक्षिणेस आलें कीं शापोरा नदीच्या पलीकडे शिवोली गांव लागतें. रेमो फर्नांडिस हे या गांवचे. त्यांचा जन्म १९५३ चा. मुंबईच्या सर जे. जे. वास्तुशास्त्र महाविद्यालयांत त्यांनीं घरबांधणीची विद्या संपादन केली. पण मन गिटारींत आणि बासरींत. शिक्षण झाल्यावर कांहीं काळ युरोप आणि उत्तर आफ्रिका येथें भटकून, मिळेल तेथें गाऊन-वाजवून, ते गोव्यास परतले. गाणीं स्वतःच लिहिलेलीं, इंग्रजींत, विषय गोव्याचे. मुंबईंतील कंपन्यांनीं तीं घेतलीं नाहींत. भारतीय माणसानें इंग्रजींत गाइलेलें रॉक कोण विकत घेणार, हा व्यापाऱ्याचा हिशेब सकृद्दर्शनीं खोटा म्हणतां येत नाहीं.

मग १९८४ मध्यें त्यांनीं 'गोअन क्रेझी' ही कॅसेट शिवोलीच्या आपल्या घरींच तयार केली. हें एकट्या माणसास कसें साधलें, तें समजून घेण्याजोगें आहे. साध्या कॅसेटच्या फितीवर ध्वनीच्या चार रेघा असतात, एका बाजूस दोन आणि दुसऱ्या बाजूस दोन. १९७९ नंतर बाजारांत आलेल्या लहान यंत्रांत या चारही रेघा एकाच दिशेनें वापरण्याची सोय होती. पहिल्या रेघेवर ताल, तो ऐकत दुसरीवर गिटार, तिसरीवर बासरी. मग तिन्ही मिळून चौथीवर उतरवावयाचीं, कीं पहिल्या तीन पुन्हां मोकळ्या. असें करीत गेलें तर एकच मनुष्य सगळी वाद्यमंडळी होऊं शकतो. दोष एवढाच, कीं प्रत्येक उतरवणीबरोबर फितीची खरखर वाढत जाते. अमेरिकेंतील ब्रूस स्प्रिंगस्टीनसारख्या नामांकित गायकाची 'नेब्रास्का' ही ध्वनिमुद्रिका १९८२ मध्यें अशाच यंत्रावरून लोकांपुढें आली होती. पण तिच्या पाठीशीं मोठी कंपनी उभी होती. शिवोलींत गाणाराच वाजविणारा, मुद्रण करणारा आणि वेष्टनाचें चित्र काढणारा. कॅसेटा दुकानोदुकानीं पोहोंचविण्याचें कामही त्यांनींच आपल्या पिवळ्या स्कूटरवरून केलें. गायकानें आपला माल स्वतः दुकानीं नेऊन द्यावा यांत कमीपणा मानणारे लोक पुष्कळ आहेत. दशावतारी कंपनीच्या पेटाऱ्याला त्यांनीं कधीं हात लावला नसावा.

पुढल्याच वर्षीं 'ओल्ड गोअन गोल्ड' ही गोव्यांतील जुन्या गाण्यांची कॅसेट निघाली. १९८५ सालींच श्याम बेनेगलांच्या 'त्रिकाल' चित्रपटांत त्यांचें दर्शन घडलें. १९८६ मध्यें पंतप्रधान राजीव गांधी गोव्यास आले असतां रेमोंनीं त्यांच्यासमोर, त्यांनाच उद्देशून रचलेलें एक गीत गाइलें. त्यांत गोव्याचें कौतुक होतें, तशीं गोव्याचीं गाऱ्हाणींही होतीं. तो काळ कोंकणीच्या राजभाषापदाच्या आणि घटकराज्याच्या चळवळीचा; तीं दोन्हीं १९८७ सालीं पदरांत पडलीं. पाहुण्यापुढें असें गाणें हा उद्धटपणा होय, अशी ओरड झाली. खुद्द पाहुण्यानें मात्र गाणें आवडल्याचें पत्र पाठविलें! संकासुराची थट्टा पिढ्यान्‌पिढ्या ऐकणाऱ्या किनाऱ्यावर या गीताचें एवढें नवल वाटावयास नको होतें.

मग बाजाराचें मत पालटलें. हेरॉइनच्या व्यसनाविरुद्धचें 'पॅक दॅट स्मॅक' १९८६ मध्यें आणि 'बॉम्बे सिटी' १९८७ मध्यें लोकांपुढें आलें, आणि तेव्हां कंपनीच गायकाकडे आली होती. स्वतःची वाद्यमंडळीही त्यांनीं जमविली. तिचें नांव 'मायक्रोवेव्ह पापडम्स'. हें नांव ठेवावयास कोणा कंपनीनें सुचविलें नसतें, हें उघड आहे. १९८७ च्या 'जलवा'चें शीर्षकगीत आणि १९९५ च्या हिंदी 'बॉम्बे'मधील 'हम्मा हम्मा' यांनीं त्यांचा आवाज सबंध देशाच्या ओळखीचा केला. २००७ सालीं पद्मश्री मिळाली, आणि २०२१ मध्यें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें.

चित्रपटांतील त्यांचीं गाणीं झकास आहेत, यांत वाद नाहीं. तरी त्यांचे शब्द दुसऱ्याचे, चाल दुसऱ्याची. त्या गायकाची खरी पारख व्हावयाची ती पहिल्या दोन कॅसेटांवरूनच. मुंबईच्या नकारानंतर त्यांनीं वास्तुशास्त्रज्ञाची नोकरी धरली असती, किंवा चालतील तसलीं गाणीं गाइलीं असतीं, तर 'गोअन क्रेझी' निघाली नसती, आणि एवढ्या मजेदार इंग्रजींत गोवा स्वतःविषयीं बोलला नसता. फितीची ती खरखर तिच्यांत अजूनही ऐकूं येते.