हिरवळीचे यंत्र आणि निगेचे दान

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत परिसर देखभाल समितीच्या वतीने झालेले भाषण)



वार्षिक सभेत शस्त्रक्रियांचा, नव्या उपकरणांचा आणि गरजू रुग्णांना दिलेल्या सवलतींचा आढावा घेतला जातो, व ते योग्यच आहे. परिसर समितीच्या वाट्याला अहवालात दोन-तीन ओळी येतात. यंदा मात्र आम्ही अध्यक्षांकडून थोडा अधिक वेळ मागून घेतला. विषय आहे गवत कापण्याच्या पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्रांची निवड आणि निगा. हा विषय येथे मांडावयाचे कारण असे की, ह्यात आमच्या समितीची एक चूक आणि आपल्याच एका कर्मचाऱ्याचा डोळा गुंतलेला आहे.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की महिन्याभरात आपल्या आवारातील गवत गुडघ्यापर्यंत येते. मागील उतारावर ते कमरेला लागते. उंच गवतात उंदीर वाढतात आणि उंदरांमागे घोणस येते. सर्पदंशाचे रुग्ण आपल्याकडे दर पावसाळ्यात येतात. त्यांचे नातेवाईक रात्री पाणी आणावयास, डबा धुवावयास ह्याच आवारातून अंधारात जातात. तेव्हा येथील गवत वेळेवर कापणे हा केवळ शोभेचा प्रश्न नाही. तो रुग्णसेवेचाच भाग आहे.

काही वर्षांपूर्वी एका देणगीदार कुटुंबाने आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ चाकांचे लॉन मोअर रुग्णालयास दिले. नारळ वाढवून, छायाचित्र काढून आपण ते स्वीकारले. पहिला पावसाळा यंत्राने उत्तम काम केले. हिवाळ्यात ते टाकीतील पेट्रोलसह पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले गेले व पुढील जूनमध्ये दोरी कितीही ओढली तरी सुरू झाले नाही. दुरुस्तीसाठी अंदाजपत्रकात तरतूद नव्हती. ‘पुढच्या बैठकीत पाहू’ असे म्हणत दोन पावसाळे गेले.

त्या काळात आमचे माळीकाका समोरची हिरवळसुद्धा भाड्याने आणलेल्या ब्रश कटरने कापीत होते. त्या यंत्राच्या पात्यामागील संरक्षक झाकण आधीच काढून टाकलेले होते. ते आम्ही पाहिले नाही, आणि डोळ्यांना लावावयाचा चष्माही आम्ही दिलेला नव्हता. एका सकाळी पाते खडीवर आदळले आणि एक कपची उडून काकांच्या उजव्या डोळ्यात गेली. चार पावलांवरच आपला नेत्रविभाग असल्याने उपचार तत्काळ झाले व डोळा वाचला. पण त्या डोळ्याने आज त्यांना पूर्वीइतके स्पष्ट दिसत नाही. काका आज ह्या सभेत बसलेले आहेत. ही हकीकत त्यांच्या संमतीने सांगत आहोत. संमती देताना ते एवढेच म्हणाले, “सांगा साहेब, पण पुढच्या माणसाला चष्मा द्या.”

त्याच सुमारास देणगीदार कुटुंबातील मंडळी एका रुग्णास भेटावयास आली होती. बरोबरच्या लहान मुलीने विचारले, “आजीचं यंत्र कुठे आहे?” आम्ही तिला शेडपाशी नेऊ शकलो नाही. ह्या दोन प्रसंगांनंतर समितीने जे शिकून घेतले, ते आपल्यासमोर ठेवीत आहोत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, शाळेत वा सोसायटीत हाच प्रश्न असेल, म्हणून थोडे तपशिलाने सांगतो.

प्रथम निवडीविषयी. यंत्र घ्यावयाचे ते जमीन पाहून आणि चालविणारा माणूस पाहून, किंमत त्यानंतर. सपाट, नियमित कापल्या जाणाऱ्या हिरवळीला चाकांचे मोअर योग्य. उतार, बांध, कुंपणाची कड आणि माजलेले रान ह्यांसाठी खांद्यावर अडकवावयाचा ब्रश कटर हवा. एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेऊ नये; आमची चूक नेमकी तीच होती. ब्रश कटरला जाड गवतासाठी धातूचे पाते लागते, तर भिंतीच्या व फरशीच्या कडेला नायलॉनची दोरी बरी. खडे दोन्हींनी उडतात. मात्र दगडावर आदळलेले धातूचे पाते यंत्र झटक्याने बाजूस फेकू शकते, आणि त्याचा तुकडा उडाला तर इजा गंभीर होते.

इंजिन दोन प्रकारचे असते. टू-स्ट्रोक हलके व रचनेने सोपे; पण त्यात पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते, धूर अधिक होतो आणि इंधनाचा बराच अंश न जळताच बाहेर पडतो. फोर-स्ट्रोकमध्ये तेल वेगळे असते, धूर व आवाज तुलनेने कमी, परंतु वजन जास्त आणि तेलाची पातळी पाहण्याची शिस्त आवश्यक. चाकांचे फोर-स्ट्रोक यंत्र तीव्र उतारावर नेल्यास इंजिनाला वंगण नीट पोहोचत नाही, म्हणून माहितीपुस्तिकेतील उताराची मर्यादा पाळावी. सौम्य उतारावर ढकलण्याचे मोअर आडवे चालवावे, वर-खाली नव्हे. पाय घसरला तर यंत्र अंगावर येत नाही आणि पायही पात्याखाली जात नाही.

नवा ब्रश कटर घेण्यासाठी दुकानात जाताना ह्या वेळी आम्ही काकांना बरोबर नेले. त्यांनी प्रत्येक यंत्र खांद्याला लावून पाहिले. आम्हांला पसंत पडलेले यंत्र त्यांनी नाकारले, कारण त्याचा पट्टा एकाच खांद्यावर होता. दोन्ही खांद्यांवर भार घेणारा पट्टा असलेले यंत्र घेतले. खरेदी समितीत वापरणारा माणूस असावा, हा धडा इतर विभागांनाही उपयोगी पडेल असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. सुटे भाग व दुरुस्ती तालुक्याच्या गावी मिळते काय, हेही आधी विचारावे. स्वस्त यंत्राचा साधा फिल्टर मिळेनासा झाला की ते यंत्र महाग पडते.

आता निगेविषयी. आजीबाईंचे मोअर उघडले तेव्हा कार्ब्युरेटरच्या तळाशी पिवळसर, चिकट थर बसलेला होता. पेट्रोल टाकीत तसेच राहिले की महिन्याभरात त्याचा कस उतरू लागतो. पुढे त्याचा राळेसारखा साका होऊन बारीक छिद्रे बुजतात. त्यात इथेनॉलची भर आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा प्रमाणाबाहेर गेला की पाणीमिश्रित थर तळाशी जमतो आणि गंज धरतो. रोज धावणाऱ्या मोटारीत इंधन असे पडून राहत नाही. सहा महिने शेडमध्ये उभ्या असलेल्या यंत्रात मात्र राहते. म्हणून नवे यंत्र घेताना ते अशा इंधनासाठी योग्य आहे काय, हे विचारून घ्यावे. पेट्रोल दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढेच आणावे. हंगाम संपला की टाकी रिकामी करून, उरलेले इंधन संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालवावे. नंतर स्पार्क प्लग काढून त्या छिद्रात थोडे तेल सोडावे, दोरी दोन-तीनदा सावकाश ओढावी आणि प्लग पुन्हा बसवावा. आमच्या हातून राहून गेलेले काम अर्ध्या तासाचे होते.

टू-स्ट्रोकच्या मिश्रणात अंदाज चालत नाही. पुस्तिकेत १:५० लिहिले असेल तर एका लिटरला २० मिलिलिटर तेल. १:२५ असेल तर ४० मिलिलिटर. तेलाविना पेट्रोल घातले तर पिस्टन काही वेळातच जाम होतो. आम्ही दोन वेगळ्या रंगांचे डबे केले असून त्यांवर मराठीत ठळक अक्षरांत लिहिले आहे. शेजारी मोजपात्र ठेवले आहे; ते औषधालयातूनच मिळाले.

फोर-स्ट्रोकचे तेल प्रत्येक वेळी यंत्र सपाट जागी ठेवून पाहावे. नव्या यंत्राचे पहिले तेल लवकर बदलावे लागते. किती तासांनी, ते पुस्तिकेत असते. एअर फिल्टर धुळीने भरला की इंजिन जास्त पेट्रोल खाते व काळा धूर सोडते. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवावा. कागदी फिल्टर हलकेच झटकावा, धुऊ नये. बोथट पाते गवत कापण्याऐवजी फाडते, शेंडे पिवळे पडतात आणि इंजिनावरही ताण येतो. कानशीने धार लावल्यावर पाते मध्यछिद्रातून खिळ्यावर अडकवून पाहावे. एक बाजू खाली झुकली तर ती अधिक जड आहे. तेवढी घासून समतोल साधावा, अन्यथा यंत्र थरथरते. पात्याला हात लावण्यापूर्वी स्पार्क प्लगची वायर काढलीच पाहिजे. बंद इंजिनही पाते हाताने फिरले की क्षणभर पेट घेऊ शकते, आणि बोटांना तेवढा क्षण पुरतो.

रुग्णालयासाठी काही नियम आम्ही अधिक कडक केले आहेत. पेट्रोलचे डबे ऑक्सिजन सिलिंडरच्या खोलीपासून व जनरेटरपासून दूर, स्वतंत्र हवेशीर जागी कुलपात असतात. इंजिन थंड झाल्याशिवाय पेट्रोल भरले जात नाही. शेडच्या आत यंत्र सुरू करण्यास मनाई आहे, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. कापण्यापूर्वी जागेवरून फिरून दगड, तारा, बाटल्या उचलल्या जातात आणि ब्रश कटर चालू असताना १५ मीटरच्या आत कोणासही येऊ दिले जात नाही. दोरी बांधून ठेवलेली दिसली तर कृपया ती ओलांडू नये, अशी आप्तेष्टांना विनंती. चष्मा, कानावरील संरक्षक, बूट आणि पिंढऱ्यांचे कवच घातल्याशिवाय यंत्राची किल्ली मिळत नाही.

आवाजाचा विचारही करावयास हवा. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो व अशा क्षेत्रातील मर्यादा दिवसा ५० डेसिबल आहे. पेट्रोलवरील ब्रश कटरचा आवाज चालविणाऱ्याच्या कानाशी ९० डेसिबलच्या पुढे सहज जातो. म्हणून वॉर्डांच्या खिडक्यांलगतची पट्टी आता पेट्रोलच्या यंत्राने कापली जात नाही. तेथे कात्री व विळा चालतो, आणि बॅटरीचे लहान यंत्र घेण्याचा विचार आहे. दम्याच्या रुग्णांना धुराचा त्रास होऊ नये हाही हेतू. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२१ मध्ये कायदा करून अशा लहान पेट्रोल इंजिनांच्या नव्या विक्रीस पायबंद घालण्याचा मार्ग धरला. मागील उतारावरील रान बॅटरीवर निघेल असे आज आम्हांस वाटत नाही. पण पुढील खरेदीच्या वेळी हा प्रश्न पुन्हा विचारला जाईल.

आता विनंती. आजीबाईंचे मोअर दुरुस्त झाले आहे. कार्ब्युरेटर साफ केला, प्लग, फिल्टर व तेल बदलले, पात्याला धार लावली. ह्या सर्वांचा खर्च नव्या यंत्राच्या तुलनेत अगदीच अल्प होता. तेवढी रक्कम वेळेवर खर्च झाली असती तर काकांच्या हाती ते बिनझाकणाचे यंत्र आलेच नसते. हा हिशेब आम्हांला मनातून पुसता येत नाही.

म्हणून विश्वस्त मंडळास आमची शिफारस आहे की, देणगीरूपाने आलेल्या प्रत्येक यंत्रासाठी, मग ते गवताचे असो वा वॉर्डातील, वार्षिक देखभालीची वेगळी तरतूद असावी, एक नोंदवही असावी आणि एका व्यक्तीचे नाव जबाबदार म्हणून लिहिलेले असावे. देणगीदारांना आमचे सांगणे असे की, आपण यंत्र दिलेत तर आम्ही कृतज्ञच आहोत. परंतु जुन्या यंत्राच्या फिल्टरसाठी, तेलासाठी, कामगाराच्या चष्म्यासाठी दिलेली लहानशी रक्कमही आम्ही तितक्याच आदराने स्वीकारू. त्यावर नावाची पाटी लावता येणार नाही, एवढाच फरक.

त्या लहान मुलीस आम्ही पत्र पाठविले आहे. येत्या पावसाळ्यात ती आली तर आजीचे यंत्र तिला समोरच्या हिरवळीवर, सुरक्षित अंतरावरून, चालताना दिसेल. ते चालविणाऱ्या काकांच्या डोळ्यांवर चष्मा असेल.