संशोधकाचा रोजचा दिवस

पीएच.डी.साठी नाव नोंदविताना असलेला उत्साह दुसऱ्या वर्षी ओसरतो. विषय तोच, मार्गदर्शक तेच. टिपणांवर मात्र धूळ साचू लागते. अशा वेळी या ग्रंथालयात बसणाऱ्या अभ्यासकाने इरावती कर्वे यांचे बर्लिनमधील दिवस आठवावेत.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या मानववंशशास्त्राच्या संशोधनासाठी तेथे गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑइगेन फिशर. युरोपीयांच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेत दिसते, असा त्यांचा तर्क होता. इरावतीबाईंनी १४९ कवट्या तपासल्या. एक उचलावयाची, मापे घ्यावयाची, आकडे नोंदवावयाचे, की पुढची. त्यात स्फूर्तीला वाव तो कोठला! परंतु निष्कर्ष आधीच ठरविला असता, तर पन्नासाव्या कवटीपासून मोजणे हा निव्वळ सोपस्कार उरला असता. कित्येकांना सबंध प्रबंध रोज डोळ्यांपुढे उभा करण्याची खोड असते; त्या ओझ्याने दोन पानांची टिपणेही होत नाहीत. बाईंपुढे त्या दिवसाची कवटी होती.

त्या रुक्ष आकड्यांत गुरूच्या तर्काला आधार सापडला नाही. तसे त्यांनी प्रबंधात लिहिले, परक्या जर्मन भाषेत, आणि तो फिशर यांच्याच हाती दिला.