थोडे मांस, पुष्कळ कांदे

मंडळी, ग्रीस देशात मांसाचा एक दाट रस्सा घरोघरी करतात. त्याचे नाव स्तिफादो. कोणी तो सशाचा करतात, कोणी गोमांसाचा. त्यातली गंमत ऐका. किलोभर मांस घेतले, की जवळजवळ तेवढेच लहान लहान कांदे, तेही अख्खे! मांस ऑलिव्हच्या तेलात परतायचे. मग टोमॅटो, व्हिनेगर, थोडी द्राक्षाची दारू, दालचिनी आणि लॉरेलचे पान घालून वर झाकण ठेवायचे. दोन तास मंद आच.

आता यात पोषण कसे साधते? मांसात उत्तम प्रथिने आणि लोह असते. हे लोह धान्या-भाजीतल्या लोहापेक्षा अंगी अधिक लागते. शिवाय सोबतच्या अन्नातले लोहही अंगी लागायला मांसाची मदत होते. म्हणून थोडे मांसही पुष्कळ काम करते. मंद आचेवर चिवट, स्वस्त मांसही मऊ होते. ब जीवनसत्त्वे पाण्यात उतरतात खरी. पण रस्सा पावाने पुसून खाल्ला, म्हणजे ती वाया जात नाहीत.

मांस न खाणाऱ्यांनीही यातून एक गोष्ट घ्यावी. भाजी शिजवलेले पाणी ओतून देऊ नका, आमटीत घाला. डाळ-पालेभाजीवर जेवताना लिंबू पिळा. त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागते. गुरुजी, मुलांना एवढे जरूर सांगा. रक्त कमी असलेल्या आयाबहिणी घरोघरी आहेत, आणि लिंबाला काही फार पैसे पडत नाहीत.