कचेरीचा वेळ आणि घरची कामे

(नरडाणा येथील ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



नोकरीतील माणसे कामाच्या वेळी इंटरनेटवर स्वतःची कामे का करतात, या विषयावर मी चार शब्द बोलावे अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. विषय सुचविणाऱ्यांचा रोख तरुणांच्या कानउघाडणीकडे असावा. ते काम मी आज करणार नाही. एकेकाळी ते मी फार उत्साहाने केले आहे, आणि त्याचीच हकीकत मला प्रथम सांगावयाची आहे.

मी एका कचेरीत विभागप्रमुख असताना माझ्या हाताखाली एक तरुण कारकून होता. कामात चोख, बोलण्यात मोजका. परंतु आठवड्यातून एखादे वेळी, अकराच्या ठोक्याला, तो संगणकावर कामाचे सोडून दुसरेच काही उघडून बसे. मी महिनाभर पाहिले आणि त्याला एका शब्दाने न विचारता वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली. त्याची वेतनवाढ रोखली गेली. पुढे कळले की, त्याच्या वडिलांचे उपचार मुंबईस चालू होते आणि तो रेल्वेच्या तत्काळ तिकिटासाठी धडपडत असे. वातानुकूलित वर्गाचे तत्काळ आरक्षण सकाळी 10 ला उघडते, साध्या शयनयानाचे 11 ला. आणि पाहता पाहता जागा संपतात. कचेरीत बसलेल्या माणसाने ते तिकीट कोठे जाऊन काढावे?

तेव्हापासून या प्रश्नाकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. राज्य शासनाने 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू केला, तेव्हा बहुतेक कचेऱ्यांची वेळ सकाळी 9.45 ते सायंकाळी 6.15 अशी ठरली. मध्ये जेवणाची सुटी अर्धा तास. आता बँक, शाळा, तलाठी आणि डॉक्टर यांच्या वेळाही जवळजवळ याच! पूर्वी अशा कामासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागे. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. नाशकास नोकरी करणारा आपला मुलगा येथील शेताचा उतारा दुपारी पाच मिनिटांत काढतो. त्यात कचेरीचे नुकसान किती आणि रजा वाचल्याने लाभ किती, याचा हिशेब कोणी मांडीत नाही.

आणि इंटरनेट येण्यापूर्वी हे होत नव्हते काय? विदेश संचार निगमाने 15 ऑगस्ट 1995 रोजी ते सर्वसामान्यांस खुले केले. त्याआधी घरची पत्रे कचेरीच्या पत्त्यावर येत, सोयरिकीच्या गोष्टी साहेबांच्या दूरध्वनीवरून होत. आमच्या पिढीने या बाबतीत फार ताठ मानेने बोलू नये.

दुसरे कारण मनाचे आहे. ताप्तीकाठच्या रेल्वेने आपल्या भागातील कितीतरी कुटुंबे सुरतेस नेली. कानबाई बसते श्रावणातल्या रविवारी. तिचे विसर्जन सोमवारी सकाळी, म्हणजे नेमके कामाच्या दिवशी. सुरतेच्या कारखान्यातील मुलगा त्या वेळी मोबाईलवर आईच्या डोक्यावरची कानबाई पाहतो. त्याला कामचुकार म्हणावयास माझी जीभ धजत नाही.

तिसरे कारण मात्र मालकांनी ऐकण्याजोगे आहे. सिंगापूरच्या व्हिव्हियन लिम यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, आपणांस न्यायाने वागविले जात नाही असे ज्याला वाटते, तो मनातल्या मनात एक खातेवही ठेवतो. जादा राबलेले तास जमेस धरून तो इंटरनेटवर घालविलेला वेळ खर्ची टाकतो. दुकानदारीत वाढलेल्या आपणां मंडळींना ही खतावणी समजावून सांगावयास नको. रात्री दहा वाजता साहेबांचा कामाचा निरोप येतो, त्याचा तास कोठे नोंदला जातो? कामाच्या वेळेनंतर असे निरोप नाकारण्याचा हक्क असावा, म्हणून श्रीमती सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर 2018 मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. पण त्याचा कायदा झाला नाही.

याचा अर्थ सर्वच निष्पाप आहेत असा नव्हे. शेअर बाजार 9.15 ते 3.30 चालतो, आणि कित्येक तरुण टेबलाखाली मोबाईल धरून सौदे करतात. सेबीने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे वायदे व्यवहारांत शंभरांपैकी 93 वैयक्तिक गुंतवणूकदार तीन वर्षांत तोट्यात गेले. येथे कचेरीचा वेळही जातो आणि घरचा पैसाही. शिवाय कचेरीचा संगणक कचेरीच्या मालकीचा. त्यावर केलेल्या कामाची नोंद मागे राहते. बँकेचा सांकेतिक शब्द तेथे टाकणे हा निव्वळ वेडेपणा होय. जुलै 2021 मध्ये शासनाने कर्मचाऱ्यांच्या मोबाईल वापरावर निर्बंध सुचविले, ते अगदीच अनाठायी होते असे मी म्हणणार नाही.

आणि रागावणार नसाल तर सांगतो, आपले मंडळही यात सामील आहे. वधूवरांची माहिती आपण दुपारी अकरा-बाराला व्हॉट्सॲपवर पाठवितो आणि संध्याकाळपर्यंत उत्तर न आल्यास मुलाच्या बापाला दूरध्वनी करतो! ते निरोप यापुढे रात्री आठनंतर पाठवावेत, अशी सूचना मी चिटणीसांकडे लेखी दिली आहे.

त्या कारकुनाच्या घरी मी निवृत्तीनंतर जाऊन आलो. वडील त्यापूर्वीच निवर्तले होते. त्याने मला आग्रहाने चहा पाजला, मुलांना पाया पडावयास लावले. तक्रारीचा विषय त्याने काढला नाही आणि मलाही काढवला नाही. रोखलेली वेतनवाढ परत मिळवून देणे तर आता माझ्या हाती नव्हतेच.