गावात इंटरनेट घेताना

घरात स्मार्ट टीव्ही आला की पाठोपाठ इंटरनेटचा प्रश्न येतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागेल असं वाटतं. पण एचडी चित्रपट तासाला साधारण 3 जीबी डेटा खातो. रोजचे 2 जीबी मध्यंतराआधीच संपतात.

फायबर वाडीपर्यंत आलं असेल, तर तेच घ्यावं. भारतनेट या सरकारी योजनेमुळे ते बऱ्याच ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचलंय; तिथून घरापर्यंत जोडणी कोण देतं, ते विचारा. नसेलच, तर 5जीवरचं बिनतारी एअरफायबर. मात्र कोकणातल्या डोंगराआडच्या वाडीत पैसे भरण्याआधी घरातच, आणि तेही संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी, वेग तपासा. एका टीव्हीला एचडीसाठी 5 एमबीपीएस पुरतात. 300 एमबीपीएसचा प्लॅन गळ्यात मारणाऱ्याला तुमच्या घरात माणसं किती, हे कुठं ठाऊक असतं? पावसाळ्यात तार तुटली तर दुरुस्तीला कोण येणार, हे मला दरापेक्षा महत्त्वाचं वाटतं. आणि वीज गेली की राउटरही बंद. तो इन्व्हर्टरवर घ्या.

नुसत्या बातम्या नि मालिकाच बघायच्या असतील, तर डीडी फ्री डिश आहेच. छत्री आणि सेट टॉप बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याचं भाडं नाही.